हिरव्या शाईचा नियम

सांख्यिकी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसऱ्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळे रकानेबाई म्हणत. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. गठ्ठे सांभाळणारा दप्तरी म्हणायचा, मीच पाडलं. पण कार्यालयातल्या बऱ्यावाईट सगळ्याच गोष्टींचं श्रेय तो घ्यायचा, त्यामुळे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. बाईंना त्या नावाचा राग नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी एकच रकाना सांभाळला होता, अकरावा. जनगणनेच्या कागदावरचा वंशगटाचा रकाना.

दर दहा वर्षांनी राज्यातल्या दर माणशी एक कागद भरला जाई आणि गल्लीगल्लीचे गठ्ठे बांधून वर येई. अकराव्या रकान्यातला प्रश्न साधा होता: आपण कोणत्या वंशगटाचे? पुढे चौकटी होत्या: मैदानी, डोंगरी, किनारी, उत्तरेकडून आलेले, पैलतीरी, आणि शेवटी इतर. एकाच चौकटीत खूण करायची. लोक ती करत नसत. कुणी तिथे ‘माणूस’ असं लिहून खाली दोन रेघा ओढी. कुणी ‘बायकोला विचारा’ म्हणे. एका गृहस्थाने तीन चौकटींत खुणा करून शेजारी ‘सकाळी, दुपारी, संध्याकाळी’ असं लिहिलं होतं. एका म्हाताऱ्याने कागदाच्या पाठीमागे चारी आजी-आजोबांची हकिगत बारीक अक्षरात लिहून शेवटी विचारलं होतं, ‘आता तुम्हीच सांगा मी कोण.’ वर्गातल्या पोरांचे पेपर तपासावेत तशा मायेने आणि तशाच काटेकोरपणाने बाई हे सगळं वाचत, आणि समासात आकडा टाकत. त्या आकड्यांची बेरीज म्हणजे तक्ता सात, राज्याच्या लोकसंख्येची वंशगटवार रचना. तो छापून आला की वर्तमानपत्रं त्यावर चार दिवस लिहीत, मग पुढची दहा वर्षं त्याच्यावरून शाळा, दवाखाने, पाट्या आणि नेमणुका ठरत.

यंदाचा कच्चा तक्ता सोमवारी सकाळी टेबलावर आला. बाईंनी चष्मा पुसला आणि नेहमीप्रमाणे वरून न वाचता खालून दुसरी ओळ आधी पाहिली.

पैलतीरी, ४३१. समोर शिसपेन्सिलीने लिहिलेलं: पाचशेहून कमी, ‘इतर’मध्ये मिळवावे.

बाईंनी तो आकडा दोनदा वाचला. मग कागद उलटा ठेवला आणि पाण्याची बाटली उघडून, पाणी न पिता पुन्हा बंद केली.

त्यांची आई पैलतीरी होती.

वडील मैदानी. मूळच्या नदीपलीकडच्या मुलीशी लग्न करायचं धाडस त्यांनी त्या काळी केलं, पण पुढे फार गाजावाजा नको म्हणून घरात एकच भाषा ठेवली, आपली. ‘मुलांच्या डोक्यात गोंधळ नको,’ एवढंच ते म्हणत. माणूस शांत होता, आवाजही कधी चढवला नाही. आईनेही वाद घातला नाही. तिची भाषा ती फक्त भांडी घासताना भांड्यांशी बोले. मुलं आली की गप्प. त्यामुळे बाईंना आणि त्यांच्या धाकट्या भावाला आईच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि चाळीस-पन्नास वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते दीड वर्षापूर्वी. आईला झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सुटले, पण नंतर शिकलेली भाषा साफ पुसली गेली. उरली ती पहिली. सरकारी दवाखान्याच्या दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डात आई दिवसभर बोलायची आणि आसपासच्या कुणालाही त्यातला एक शब्द कळायचा नाही. एकदा दहा दिवस तिने जेवण ढकलून दिलं. परिचारिका म्हणाल्या, हट्टीपणा. डॉक्टर म्हणाले, नळी घालू. मग मंगळवारी दुभाषी मावशी आल्या, दवाखान्याच्या पगारी दुभाषी, पैलतीरच्याच. पाच मिनिटं आईशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, कवळी टोचतेय त्यांना. डावीकडे. दहा दिवस सांगतायत म्हणे, सगळे बहिरे आहेत का इथले?”

कवळी घासून आणली आणि आई त्या संध्याकाळी दोन वाट्या भात जेवली. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार हे बाईंच्या आठवड्याचे खरे दिवस होते. बाकीचे नुसते मधले.

आणि दवाखान्याचं परिपत्रक स्पष्ट होतं. ज्या वंशगटाची तक्ता सातमध्ये स्वतंत्र ओळ, त्याच्याच भाषेचा दुभाषी. ‘इतर’ला भाषा नसते.

“चारशे एकतीस,” बाई दप्तऱ्याला म्हणाल्या. “गेल्या खेपेला पाचशे अडतीस होते. त्याआधी सातशे अकरा. त्याआधी नऊशे दोन. कुठे जातायत ही माणसं?”

“मरतायत, दुसऱ्या गावी जातायत, मैदानी पोरींशी लग्नं करतायत,” दप्तरी गठ्ठ्यांच्या मांडणीवर चढता चढता म्हणाला. “पेपरात येतं की दर वेळी. ओसरत चाललेला समाज.”

“लग्न केल्याने माणूस ओसरतो का?”

“माझ्याकडे बघा. निम्मा झालो.”

एरवी बाई हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, “वीटभट्टीमागच्या दोन गल्ल्यांचे गठ्ठे काढून द्या मला.”

त्या दोन गल्ल्या म्हणजे आईचं माहेर. पैलतीरची बहुतेक माणसं तिथेच राहत, मैदानी घरांच्या मध्ये मध्ये, एक आड एक. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता गठ्ठा उघडला. पाचव्या कागदावर त्या थांबल्या. नाव पैलतीरी धाटणीचं, आजीच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. अकरावा रकाना त्यांनी भरलाच नव्हता. आणि तिथे मैदानीच्या चौकटीत हिरव्या शाईची खूण होती.

हिरवी शाई म्हणजे कार्यालयाने भरलेलं उत्तर. नियम असा होता की अकरावा रकाना रिकामा आला तर तो गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाप्रमाणे भरावा, कारण शेजारीपाजारी सहसा एकाच गटाचे असतात. ‘वरीलप्रमाणे’ एवढं मनात म्हणायचं, हिरवी खूण करायची, पुढचा कागद. राज्यातल्या बहुतेक गल्ल्यांत हे बरोबरच यायचं. पण या गल्ल्यांत वरचा कागद मैदानी घराचा असायचा, आणि त्याखालचं पैलतीरी घर बोलता बोलता मैदानी होऊन जायचं.

बाई कागद उलटत गेल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्या मिळून अशा हिरव्या खुणा एकशे अठरा झाल्या. चारशे एकतीस आणि एकशे अठरा, पाचशे एकोणपन्नास. माणसं कुठेही गेलेली नव्हती. घरीच होती.

यातला निम्मा त्रास हा की त्या खुणांतल्या बऱ्याचशा बाईंच्याच हातच्या होत्या. आणि उरलेला त्रास त्याहून मोठा. नियमही त्यांचाच होता.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंची दुसरी मोजणी, रिकाम्या रकान्यांचे कागद छताला लागलेले, वरून रोज तगादा. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सूचना मागवल्या. बाई तेव्हा ऐन उमेदीतल्या, कामाच्या झपाट्याने भारलेल्या. त्यांनी अर्ध्या पानाची सूचना लिहून दिली: शेजारच्या कागदावरून भरावे. तीन महिन्यांचं काम अकरा दिवसांत उरकलं. साहेबांनी सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं. ते बाईंच्या घरी बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेलं होतं. आईनेच लावलं होतं, स्टुलावर चढून. आल्यागेल्याला ती ते दाखवायची. “सगळ्या राज्यात हिचा नियम चालतो,” म्हणायची.

मंगळवारी बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. हे साहेब वयाने त्यांच्या भाच्याएवढे होते, माणूस वाईट नव्हता. बाई उभ्या असेपर्यंत स्वतः बसत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन कागद स्वतः तपासले, आणि म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं खरं आहे.”

“मग खुणा पुसूया.”

“कशाच्या आधारावर? त्यांनी रकाना भरलेला नाही. नावावरून आपण पैलतीरी धरलं, तर उद्या सगळेच म्हणतील नावावरून धरा. आपण अंदाजाने भरत नाही.”

“हिरवी खूण अंदाजच आहे ना, साहेब?”

“तो नियम आहे,” साहेब म्हणाले, आणि जरा ओशाळले, कारण नियम कुणाचा ते सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. “दुरुस्तीची चिठ्ठी असते. माणसाने स्वतः सही करून द्यायची. कच्चा तक्ता आल्यापासून दहा दिवस. त्यातला एक गेला.”

“मी आणते चिठ्ठ्या.”

“आणा. पण गुप्ततेची शपथ आपण दोघांनीही घेतलीय. कुणी रकाना रिकामा ठेवला हे तुम्हाला कागदावरून कळलंय. ते तुम्ही कुणापुढे उघड करायचं नाही, त्या माणसापुढेही नाही. कागदावरचे पत्ते वापरायचे नाहीत.”

“त्या गल्ल्यांचे पत्ते मला लागत नाहीत,” बाई म्हणाल्या. “आजोळ आहे माझं.”

त्यांनी आठवडाभराची रजा टाकली, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि वीटभट्टीमागे गेल्या. पुढचे आठ दिवस म्हणजे डोक्याला ताप होता. कुणी कुणी रकाना सोडला आहे ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. ती एकशे अठरा नावं डोळे मिटले तरी दिसत होती. आणि तोंडाने विचारायचं मात्र असं, की जणू काही माहीतच नाही.

“तो अकरावा रकाना भरला होता का तुम्ही?” त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं. म्हातारी मशीनवर वाकलेली होती, तोंडात दोरा.

“भरला की,” ती म्हणाली.

“नक्की?”

“सगळा कागद भरला. नाव, वय, चूल, नळ, संडास. काही सोडलं नाही.”

बाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. “तरी एकदा ही चिठ्ठी भरून द्याल? असावी म्हणून.”

“भरलाय तर परत कशाला?”

उत्तर बाईंकडे होतं, पण देता येत नव्हतं.

दुसऱ्या घरी कुलपं दुरुस्त करणारा होता, बाईंच्या आईचा मावसभाऊ, त्यांचा मामाच. त्याने चहा दिला, खुर्ची पुसून दिली, आईची चौकशी केली, आणि चिठ्ठी बघताच चेहरा बंद केला.

“रकानेबाई ना तू? बरं काम आहे. पण हे आमच्याकडे लिहून द्यायची पद्धत नाही.”

“का, मामा?”

“माझ्या आज्याने लिहून दिलं होतं. कोण, कुठले, किती. गोड बोलून यादी केली. दोन वर्षांनी यादी वाचून एकेकाला नदीकाठून उठवलं आणि इथे भट्टीच्या धुरात आणून टाकलं. यादीत नव्हते ते राहिले तिकडेच, अजून आहेत. त्याने मरताना सांगितलं, नाव विचारलं तर नाव सांगा, वय विचारलं तर वय सांगा. कोण म्हणून विचारलं, तर बहिरे व्हा.”

“त्याला सत्तर वर्षं झाली, मामा. आता उलटं आहे. न लिहिल्याने जातंय. दवाखान्यातली दुभाषी जाईल.”

“कोण म्हणतं?”

“परिपत्रक.”

“म्हणजे यादीच,” मामा म्हणाला, आणि कुलपात तेल सोडू लागला. थोड्या वेळाने वर न बघता त्याने विचारलं, “तू स्वतः काय लिहिलंस गं? तुझ्या कागदावर?”

बाईंनी कप बशीवर ठेवला. चार मोजण्या झाल्या होत्या, चारही कागद त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरले होते. आईच्या कागदावर पैलतीरी. आपल्या कागदावर, हात न थबकता, मैदानी.

“वडिलांचं लिहिलं,” त्या म्हणाल्या.

“वरीलप्रमाणे,” मामा म्हणाला. हा शब्द त्याला कुठून ठाऊक हे बाईंना कळेना. मग आठवलं की आईने आपल्या लेकीचा नियम सगळ्या माहेरात कौतुकाने सांगितला होता.

चिठ्ठी त्याने दिली नाही. पण बाई निघताना म्हणाला, “आधी तुझी दे. मग ये.”

त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून बाईंनी पिशवीतली पहिली चिठ्ठी काढली आणि स्वतःचं नाव लिहिलं. मैदानी खोडून पैलतीरी. सही केली. मग वडील आठवले. एकाच चौकटीत खूण करायची. या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शिवी हासडली, अर्थात मनात, आणि तीही सौम्यच.

चिठ्ठी दाखवल्यावर मामाने दिली. त्याने दिल्यावर त्याच्या दोन सुनांनी दिल्या. शिवणकामाच्या बाईंनी चौथ्या फेरीला दिली, तीही “भरला होता तरी देतेय” असं बजावून. पण बाकीची माणसं हात टेकायला लावणारी होती. एक म्हणे, धनी आल्यावर विचारते. धनी म्हणे, हिला विचारा. एक शिकलेला तरुण म्हणाला, मी वंशगट वगैरे मानत नाही. त्याचं म्हणणं बाईंना पटलंसुद्धा, आणि पटल्यामुळे अधिकच चीड आली. एका घरी तिघी बहिणींत भांडण लागलं की आजी पैलतीरची तर आपण किती. बाई दोन तास बसल्या आणि हात हलवत परतल्या.

शेवटी त्यांनी भावाला फोन केला. भाऊ, भावजय, दोन मोठी मुलं. भावजय मैदानी, ती सोडून तिघं.

“ताई, आपण कधीपासून पैलतीरी झालो?” भाऊ म्हणाला.

“आई जन्मली तेव्हापासून.”

“हे बघ, थोरलीचं नोकरीचं चाललंय. तिच्या सगळ्या कागदांवर मैदानी आहे. आता मध्येच एक चिठ्ठी वेगळी निघाली की दहा प्रश्न. कशाला उगाच?”

“तुझी एकट्याची तर दे.”

“बापाचं एक आणि पोरीचं एक? ते बरं दिसेल?”

“आई दहा दिवस उपाशी होती. आठवतं ना तुला?”

“आठवतं. म्हणून तर म्हणतो, खासगी दुभाषी लावू. मी देतो निम्मे.”

“खासगी कुठे मिळतात? भट्टीमागच्यांनाही ती भाषा आता मोडकीतोडकीच येते. सगळ्या राज्यात ती भाषा नीट येणारी, पगारावर असलेली एकच बाई आहे. पगार गेला की ती मुलीकडे जाणार आहे, दुसऱ्या राज्यात. तिनेच सांगितलंय मला.”

भाऊ म्हणाला, “रविवारी बोलू.” दुरुस्तीची मुदत गुरुवारी संपत होती. हे बाईंनी त्याला दोनदा सांगितलं होतं.

गुरुवारी पावणेपाच वाजता बाईंनी एकूण एकेचाळीस चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एकेक पाहिली. बाईंच्या स्वतःच्या चिठ्ठीवर ते थांबले, आणि मग आवकचा शिक्का मारला. चारशे एकतीस आणि एकेचाळीस, चारशे बहात्तर.

“अठ्ठावीस कमी,” साहेब म्हणाले.

“मला बेरीज येते,” बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत वरिष्ठांशी त्या इतकं वाकडं कधी बोलल्या नव्हत्या. साहेबांनीही ते मनावर घेतलं नाही.

“मी तळटीप देतो. ‘इतर’मध्ये पैलतीरी चारशे बहात्तर समाविष्ट. माझ्या हातात तेवढं आहे.”

“तळटिपेवर दुभाषी मिळते का?”

“नाही.”

“मग हा नियम तरी काढा. पुढच्या मोजणीला नको. मी लिहून आणलंय.” त्यांनी अर्धं पान पुढे केलं. वीस वर्षांपूर्वीचंही अर्धंच पान होतं.

साहेबांनी वाचलं. “बरोबर लिहिलंय. पण बाई, सूचना देण्याचा नमुना आहे, दिलेली सूचना मागे घेण्याचा नमुना नाही. नवी सूचना म्हणून घ्यावी लागेल. समिती बसेल. पुढची मोजणी नऊ वर्षांनी, तोवर होईल काहीतरी.”

बाई चौदा महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. हे साहेबांनाही माहीत होतं. ते कागदावरची टाचणी उगाच सरळ करत राहिले.

बाहेर दप्तरी गठ्ठे परत चढवत होता. “किती कमी पडले?” त्याने विचारलं.

“अठ्ठावीस.”

“मला आधी सांगायचं. मी झालो असतो पैलतीरी. निम्मा तर आहेच.”

या खेपेला बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना दोन क्षण भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. दप्तऱ्याने शिडीवरून उतरून त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्यापर्यंत नेऊन दिली. त्याच्यापुरतं ते फारच झालं.

घरी आल्यावर बाईंनी प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवलं. खाली रंगाचा एक फिकट चौकोन निघाला, तो त्याहून वाईट दिसू लागला. त्यांनी ते परत टांगलं. जरा वाकडं लागलं. सरळ करायचा त्यांना कंटाळा आला.

महिनाअखेरचा शुक्रवार हा दुभाषी मावशींचा शेवटचा दिवस. तोवरच्या सहा भेटींत बाईंनी त्यांच्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. कार्यालयातल्या जुन्या कोऱ्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर तीन रकाने: शब्द, अर्थ, कधी म्हणते. तहान. ऊन. उशी उंच कर. इथे दुखतं, तिथे नाही. दार लाव. सत्त्याण्णव शब्द झाले होते. बाईंना त्यातले वीसेक नीट म्हणता येत. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जीभ वळता वळत नव्हती.

“हा शब्द घशातून,” मावशी सांगत. “दातातून नाही. परत.”

पलंगावर उशीला टेकून आई हे सगळं बघत होती. बाईंचा वाकलेला माथा, चालणारं पेन, आखलेला कागद. मग ती मावशींकडे झुकून हळू आवाजात काहीतरी बोलली. मावशींनी ऐकलं आणि खिडकीकडे पाहिलं.

“काय म्हणाली?”

“काही नाही. असंच.”

“मावशी, आज शेवटचा दिवस आहे. जे म्हणाली ते सांगा.”

मावशींनी चष्मा काढला. “म्हणतात, ही बाई कोण आहे? सारखी लिहून घेते. हिला कोण-कुठले काही सांगू नकोस.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता सावधपणा होता. कुलपं दुरुस्त करणाऱ्या मामाच्या चेहऱ्यावर होता तोच.

“तिला सांगा, मी तिची मुलगी आहे.”

“ते तुम्हीच सांगा. दोनच शब्द आहेत. बासष्ट आणि एकोणीस नंबरचे.”

बाईंनी कागद न बघता ते दोन शब्द म्हटले. आईने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग तेच दोन शब्द स्वतः म्हटले, घशातून, आणि वाट पाहत राहिली. बाईंनी परत म्हटले. आईने परत नाही म्हणून मान हलवली. असं सहा-सात वेळा झालं. आई चिडली नाही. ती भांडी घासायला बसायची तशी नेटाने बसली होती. आठव्या वेळी तिने मान हलवली नाही. तिने बाईंच्या मनगटावर हात ठेवला आणि बोलायला लागली. एक लांब वाक्य, मग दुसरं, मग मधेच थांबून काहीतरी आठवल्यासारखं तिसरं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. मावशी तिथे नव्हत्या. पाच वाजून गेले होते, आणि नोंदवहीत शेवटची सही करायला त्या खाली कार्यालयात गेल्या होत्या. पायऱ्यांवर त्यांची चप्पल वाजत होती.

“थांब ना, आई,” बाई म्हणाल्या. “जरा थांब. त्यांना बोलावते.” पण ते आईला कळायचं कारण नव्हतं, आणि मनगट सोडवून उठायचं बाईंच्या जिवावर आलं. आई बोलत राहिली. सत्त्याण्णव शब्दांतले तीन ओळखीचे गेले, पाणी, दार, आणि परत पाणी. बाकी सगळं वाहून गेलं.

आई थांबल्यावर बाईंनी एका हाताने कागद ओढला आणि आठवतील तसे ते आवाज पहिल्या रकान्यात उतरवून काढले, एकाखाली एक, चुकतमाकत. तिसऱ्या रकान्यात तारीख आणि वेळ घातली. मधला रकाना रिकामा राहिला. सवयीने त्यांची नजर वरच्या ओळीकडे गेली. तिथे ‘दार लाव’ असं लिहिलेलं होतं. बाईंनी कागदाची घडी केली आणि दुसऱ्या हाताने आईचा हात नीट धरला.